'अनियमित' कोण? इंग्रजी क्रियापदांवरील जुन्या आरोपाची उलटतपासणी (थ्रेड)

१/
गो–वेन्ट–गॉन. सिंग–सँग–संग. पुट–पुट–पुट. महाराष्ट्रातील शाळांमध्ये ही घोकंपट्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेवटी तीन रकान्यांचा एक तक्ता असतो. रकान्यांना 'व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री' अशी नावे असतात आणि तक्त्यावर ठळक अक्षरांत शीर्षक असते : अनियमित क्रियापदे. हा थ्रेड त्या शीर्षकाविरुद्ध आहे.

२/
शीर्षकाने होणारे नुकसान लहान नाही. 'अनियमित' म्हणजे ज्याला नियम नाही ते, असा सरळ अर्थ विद्यार्थी घेतो. मग शिक्षक सांगतात, "इंग्रजीला तर्क नाही, पाठ करा." पाठ न होणारे मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते आणि पाठ झालेले मूल इंग्रजीला लहरी समजू लागते. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. त्या तक्त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कारण आहे, आणि बहुतेक कारणांचा काळही सांगता येतो. ज्यांना 'अनियमित' म्हटले जाते त्यांतील मोठा गट तर या भाषेतील सर्वांत जुन्या नियमाचे पालन करणारा आहे. 'नियमित' म्हणून मिरवणारा ईडी-प्रत्यय त्यामानाने कालचा.

३/
मग हा शिक्का आला कोठून? लॅटिन शाळांतून. युरोपात शतकानुशतके 'व्याकरण' म्हणजे लॅटिनचे व्याकरण. त्यात क्रियापदांचे ठरावीक गण होते आणि गणांत न बसणाऱ्या थोड्या क्रियापदांची वेगळी यादी होती. त्या यादीतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'वाहून नेणे' या अर्थाचे 'फेरो–तुली–लातुम'. १५८६ मध्ये विल्यम बुलोकर यांनी इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले तेही लॅटिन साच्यात. पुढील दोनशे वर्षे इंग्रजी वैयाकरण तोच साचा वापरत राहिले. इंग्रजीपुरता नियम सोपा करण्यात आला : भूतकाळाला 'ईडी' लागला तर नियमित, न लागला तर अनियमित. चाळणीतून जे खाली पडले नाही त्या सर्वांना एकच नाव मिळाले. खडे, गहू आणि मोती, सगळे एकाच सुपात.

४/
रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ चे, लिंडली मरे यांचे १७९५ चे. मरे हे मूळचे अमेरिकन वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर त्यांनी हे पुस्तक मुलींच्या एका शाळेसाठी लिहिले आणि ते इंग्रजी बोलणाऱ्या जगभर पसरले. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले. 'हॅव रिटन'ऐवजी 'हॅव रोट' लिहिणाऱ्या नामवंत साहित्यिकांना त्यांनी आपल्या पुस्तकात चुका दाखवून फटकारले आहे. यातून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. अठराव्या शतकापर्यंत इंग्रजीतले थोर लेखकही या रूपांबाबत एकमताचे नव्हते. आज दगडावरची रेघ वाटणारा 'व्ही-थ्री'चा रकाना अडीच-तीनशे वर्षांपूर्वी ओल्या मातीत होता.

५/
चाळणी फेकून देण्याचे काम जर्मनीत झाले. याकोब ग्रिम (परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरले) यांनी १८१९ मध्ये 'डॉइच ग्रामाटिक' प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. इंग्रजी, जर्मन, डच, गॉथिक आणि स्कँडिनेव्हियन भाषा शेजारी ठेवून त्यांनी क्रियापदांचे दोन कुळांत विभाजन केले. बाहेरच्या प्रत्ययाची मदत न घेता, पोटातला स्वर बदलून जे काळ दाखवते ते 'बलवान'. ज्याला प्रत्ययाचा टेकू लागतो ते 'दुर्बल'. स्वर बदलण्याच्या या प्रक्रियेला मराठी भाषाशास्त्रात अपश्रुती म्हणतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शाळेच्या तक्त्यात जे अपवाद म्हणून हिणवले जाते, त्याला ग्रिमने 'बलवान' म्हटले आणि 'नियमित' जे आहे त्याला 'दुर्बल'.

६/
हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, म्हणजे राजा आल्फ्रेडच्या काळच्या भाषेत, बलवान क्रियापदांचे सात वर्ग होते. प्रत्येक वर्गाचा स्वरक्रम ठरलेला होता. 'गाणे' या क्रियापदाची मुख्य रूपे सिंगन, सांग, सुंगोन, सुंगेन. 'पिणे' याची ड्रिंकन, ड्रांक, ड्रुंकोन, ड्रुंकेन. पोहणे, सुरू करणे, बांधणे, सापडणे ही सगळी याच वर्गातली भावंडे. एका क्रियापदाची रूपे माहीत असली की बाकीच्यांची सांगता येत. ज्यावरून पुढचे अचूक वर्तवता येते त्याला नियम म्हणतात, अनियमितता नव्हे.

७/
चारही रूपे नीट पाहा. त्यांत भूतकाळाची दोन आहेत : एकवचनाचे 'सांग' (मी गायलो) आणि अनेकवचनाचे 'सुंगोन' (आम्ही गायलो). पुढे इंग्रजीने भूतकाळातला वचनभेद सोडून दिला. मग दोन स्वरांपैकी एक ठेवायचा आणि एक टाकायचा असा प्रश्न प्रत्येक क्रियापदापुढे आला. 'सिंग'ने एकवचनाचा स्वर ठेवला, म्हणून 'सँग'. 'क्लिंग' आणि 'स्टिंग' यांच्याकडे दुसरा स्वर उरला, म्हणून 'क्लंग', 'स्टंग'. 'राइट'ने एकवचन निवडले, 'रोट' झाले; त्याच वर्गातल्या 'बाइट'ने अनेकवचन निवडले, 'बिट' झाले. 'बाइंड–बाउंड' आणि 'फाइंड–फाउंड' हीही अनेकवचनाच्या स्वराची कमाई.

"सिंगचे सँग होते, मग स्टिंगचे स्टँग का होत नाही?" असे वर्गात विचारणाऱ्या मुलाला "उगाच फाटे फोडू नकोस" असे उत्तर मिळते. वास्तविक त्याने बरोबर जागी बोट ठेवलेले असते.

८/
एकाच क्रियापदाने मात्र भूतकाळातला वचनभेद आजतागायत सोडलेला नाही : वॉज आणि वेअर. 'आय वॉज, वी वेअर' हे मराठी मुलाला सर्वांत जाचक वाटणारे रूप सातही वर्गांत एके काळी चालणाऱ्या रिवाजाचा शेवटचा वारस आहे. त्यातील 'स'चा 'र' का झाला, हे कोडे पुढे येईल. त्याआधी थोडे पाणिनीकडे.

९/
संस्कृत शिकलेल्या कोणालाही स्वरबदल नवा नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या अगदी आरंभी ज्या दोन संज्ञा बांधल्या त्या वृद्धी आणि गुण, दोन्ही स्वरबदलाच्याच. 'विद्' (जाणणे) या धातूची जुनी रूपे घ्या : अहं वेद, वयं विद्म. एकवचनात गुण झालेला स्वर, अनेकवचनात मूळ ऱ्हस्व स्वर. आता जुन्या इंग्रजीतले जाणणे : एकवचन 'वाट', अनेकवचन 'विटोन'. (मराठीतल्या वाटेशी किंवा वाटण्याशी याचा संबंध नाही.) धातू तोच, अर्थ तोच आणि एकवचन-अनेकवचनात स्वर बदलण्याची रीतही तीच. गंगेच्या खोऱ्यातले पंडित आणि टेम्सकाठचे शेतकरी एकमेकांना कधी भेटले नव्हते.

१०/
असेच 'भृ', म्हणजे वाहणे, धारण करणे. संस्कृत : भरति, बभार, भृत. इंग्रजी : बेअर, बोअर, बोर्न. 'जन्मलेला' या अर्थाचा इंग्रजी 'बॉर्न' हाही याच धातूतला, गर्भात वाहिलेला. 'बाइंड'चा भाऊ बन्ध्, 'सिट'चा सद्, 'ईट'चा अद्, 'नो' (जाणणे) याचा ज्ञा. शाळकरी तक्त्याच्या 'अनियमित' यादीत भारतीय वाचकाचे किती सोयरे बसले आहेत ते मोजून पाहावे. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी भाषण केले, तेव्हा त्यांचा भर क्रियापदांच्या धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर होता तो उगाच नव्हे. शब्द उसने घेता येतात. धातू आणि त्यांची रूपे चालवण्याची रीत सहसा वारशानेच येते.

११/
आता 'वॉज–वेअर'. ग्रिमने जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचा नियम मांडला होता, पण काही शब्दांत अपेक्षित व्यंजन येत नव्हते. पन्नासएक वर्षे ते 'अपवाद' म्हणूनच नोंदवले गेले. १८७० च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने त्याचे उत्तर शोधले. हे उत्तर इंग्लंडमध्ये नव्हते, जर्मनीतही नव्हते. ते वेदपठणात जपलेल्या उदात्त स्वरात होते. जुन्या परोक्ष भूतकाळात एकवचनी उदात्त धातूवर असे आणि अनेकवचनी प्रत्ययावर सरके. वैदिक 'वेद' आणि 'विद्म' यांत तो अजून तसाच आहे. आघात धातूवर असेल तेथे जर्मानिक 'स' टिकला. आघात पुढे गेला तेथे 'स' मऊ पडून शेवटी 'र' झाला. म्हणून वॉज, पण वेअर. आघात पुढे युरोपात स्थिर झाला आणि कारण नाहीसे झाले. परिणाम तेवढा उरला. 'लूझ' (गमावणे) आणि 'फॉरलॉर्न' (सर्वस्व गमावलेला) या जोडीतला स-र फरकही त्याच हिशेबातला.

अडीच हजार वर्षे तोंडी परंपरेने जपलेला एक स्वराघात इंग्रजीतले सर्वांत 'अनियमित' क्रियापद उलगडतो, आणि तरीही भारतीय विद्यार्थ्याला सांगितले जाते की त्यात समजण्यासारखे काही नाही.

१२/
येथे एका वेगळ्या टोळीला आवरले पाहिजे. वरील उदाहरणे पाहून "म्हणजे इंग्रजी संस्कृतातूनच निघाली!" असे फॉरवर्ड फिरू लागतात. नाही. दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. याचा पुरावा स्वतः संस्कृतच देते. मूळ भाषेत 'ए', 'ओ' आणि 'अ' हे वेगवेगळे ऱ्हस्व स्वर होते. संस्कृतने तिन्ही एकत्र करून 'अ' केले. इंग्रजीच्या बलवान क्रियापदांतला स्वरबदल मुळात त्या ए-ओच्या भेदावर उभा आहे. संस्कृतने जे गमावले ते इंग्रजी संस्कृताकडून घेणार कसे?

१३/
पुरावा आणखी नेमका हवा असेल तर 'कृ' घ्या. परोक्ष भूतकाळात धातूची द्विरुक्ती होते. मग 'ककार' व्हायला हवे, होते 'चकार'. पाणिनीने हे नियम म्हणून अचूक नोंदवले. कारण मात्र १८७० च्या दशकातच अनेक अभ्यासकांच्या जवळजवळ एकाच वेळी लक्षात आले : पहिल्या अक्षरात एके काळी 'ए' होता, त्याच्या सान्निध्याने 'क'चा 'च' झाला, दुसऱ्या अक्षरात 'ओ' होता, तेथे 'क' शाबूत राहिला. नंतर दोन्ही स्वर 'अ'-वर्गात विरले, पण 'च' साक्षीदार म्हणून मागे उरला. 'चकार' संस्कृतात अनियमित मानले जात नाही, कारण पाणिनीने त्याला सूत्रात जागा दिली. 'सँग' अनियमित ठरते, कारण मरे यांनी त्याला यादीत टाकले. फरक भाषेत नाही, वैयाकरणांत आहे.

१४/
मग 'ईडी' कोण? जर्मानिक शाखेबाहेर त्याला अशी जागा नाही. संस्कृत, ग्रीक वा लॅटिन यांच्या भूतकाळात असा प्रत्यय सापडत नाही. जर्मानिक बोलणाऱ्यांनी नामांवरून आणि इतर क्रियापदांवरून नवी क्रियापदे घडवली; त्यांना परंपरागत स्वरक्रम नव्हता, म्हणून भूतकाळासाठी ही नवी जुळणी झाली. तिचा उगम 'करणे' या क्रियापदाच्या भूतकाळी रूपात, म्हणजे आजच्या 'डिड'च्या पूर्वजात असावा, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. याबाबत वाद अजून मिटलेला नाही. तात्पर्य, 'नियमित' रूप ही तात्पुरती सोय होती. पुढे ती कायम झाली, एवढेच.

१५/
ती कायम होण्यामागे राजकारणही आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. दरबार, न्यायालय, जमीनदारी सगळे फ्रेंचमध्ये गेले आणि इंग्रजी तीनेक शतके प्रामुख्याने बोलण्याची भाषा उरली. प्रमाण लेखन मोडले की दुर्मीळ रूपे सांभाळणारा कोणी राहत नाही. दुसरीकडे फ्रेंचमधून शेकडो क्रियापदे आली. त्यांना स्वरक्रम नव्हता, सरसकट ईडी लागला. गर्दी वाढली तशी जुनी घराणी मागे सरली. 'हेल्प' हे एके काळचे भरभक्कम बलवान क्रियापद. त्याचे 'होल्पन' हे रूप १६११ च्या किंग जेम्स बायबलपर्यंत जिवंत होते. आज 'हेल्प्ड'खेरीज काही चालत नाही.

१६/
'अनियमित' तक्त्यात ईडीवालेही लपून बसले आहेत, हे तर अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसते. कीप–केप्ट, फील–फेल्ट ही जन्माने दुर्बल क्रियापदे. यांना प्रत्यय लागला आणि दोन व्यंजने जोडून आल्याने आधीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला. पुढे १४०० ते १७०० च्या दरम्यान इंग्रजीचे दीर्घ स्वर सामूहिकरीत्या सरकले. 'केप'चे 'कीप' झाले, ऱ्हस्व 'केप्ट' जागचे हलले नाही. 'डीप–डेप्थ' ही जोडी त्याच कारखान्यातली. टीच–टॉट, बाय–बॉट, थिंक–थॉट यांतही शेवटचा 'ट' म्हणजे प्रत्ययच. मधला घशातला 'ह'सारखा उच्चार लोपला आणि मुलांना छळणारी 'जीएच' ही मुकी अक्षरे त्याच्या थडग्यावरचा दगड म्हणून राहिली.

१७/
आणि पुट–पुट–पुट? कट, हिट, शट, सेट, कॉस्ट, हर्ट, स्प्रेड, शेड. तिन्ही रूपे सारखी असणारी यादी कितीही वाढवा, प्रत्येक क्रियापद 'ट' किंवा 'ड' वरच संपते. प्रत्ययाचा ट-ड धातूच्या ट-डमध्ये मुरला, पुढचा स्वर झिजला आणि फरक दिसेनासा झाला. हे एक वाक्य वर्गात सांगायला अर्धा मिनिट लागतो. ते न सांगता वीस ओळी पाठ करून घेण्यात काय साधते?

१८/
उरले 'गो–वेन्ट'. हा मात्र दोन वेगळ्या क्रियापदांचा संसार. 'गो'चा जुना भूतकाळ होता 'एओदे'. वळणे, जाणे या अर्थाच्या 'वेंड'चा भूतकाळ 'वेन्ट'. पंधराव्या शतकापर्यंत त्याने इंग्लंडच्या दक्षिणेत 'एओदे'ची जागा बळकावली. उत्तरेकडच्या आणि स्कॉटिश बोलीत ती बळकावणी झाली नाही. तेथे 'गेड' असे रूप चालले.

हे विचित्र वाटते काय? मराठी माणसाला वाटू नये. जाणे–गेला. 'जाणे' आले संस्कृत 'या' धातूपासून, 'गेला' आले 'गम्'च्या 'गत'पासून. होणे–झाला : 'होणे' हे भू, 'झाला' हे जन् धातूचे 'जात', जुन्या मराठीत ते 'जाला' असेच लिहिलेले आढळते. इंग्रजी 'असणे' तर तीन धातूंवर उभे आहे : 'इज' म्हणजे अस्, 'बी' म्हणजे भू, 'वॉज' म्हणजे वस्, निवास आणि वस्ती यांतला.

१९/
मराठीचा भूतकाळ तरी कोठे सरळ आहे? बसला, पडला, हसला ठीक. पण करणे–केला, मरणे–मेला. 'र' कोठे गेला? कृत, मृत, गत यांची प्राकृत रूपे कय, मय, गय अशी झाली, त्यांना '-इल्ल' हा प्रत्यय लागला आणि केला, मेला, गेला तयार झाले. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथात अशा रूपांचा साद्यंत विचार केला आहे. म्हणजे मराठीतही नंतर आलेला 'ल' हा नियमित आणि नेहमीच्या वापरातली जुनी रूपे अपवाद, अगदी इंग्रजीसारखेच. मराठी मूल शाळेत येण्याआधीच 'गो–वेन्ट' जातीचे व्याकरण बोलत असते. त्याला तसे कोणी सांगत नाही, एवढीच त्रुटी.

२०/
तेच मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'मी करलं' म्हणते. घरचे हसतात, लाडाने दुरुस्त करतात. इंग्रजी मूल त्याच वयात 'गोड' आणि 'कम्ड' म्हणते. त्याआधी त्याने 'केम' हे बरोबर रूप ऐकून उचललेले असते. नियम गवसला की ते काही काळ चुकू लागते. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी लहान मुलांना कधीही न ऐकलेले बनावट शब्द देऊन त्यांची रूपे विचारली. मुलांनी ती बनवून दाखवली. पाठांतराने हे शक्य नव्हते. तेव्हा 'गोड' ही चूक म्हणजे नियम आत्मसात झाल्याची पावती आहे. घरात 'करलं'ला मिळणारे हसू वर्गातल्या 'गोड'ला का मिळत नाही? तेथे लाल शाई आणि इतरांच्या हशाचीच सोय असते, आणि या एका शब्दाच्या भीतीने गप्प बसलेली मुले पुढे वर्षानुवर्षे इंग्रजीत तोंड उघडत नाहीत.

२१/
एवढी पडझड होऊनही जुनी क्रियापदे टिकली कशी? वापराने. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदे (असणे, करणे, म्हणणे, जाणे, घेणे वगैरे) एकजात 'अनियमित' आहेत. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे निवडून त्यांचा माग काढण्यात आला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ तशीच होती, आज ९८ आहेत. गणित असे निघाले की एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभर पटींनी कमी वापरात असेल तर ते दहा पट वेगाने ईडीला शरण जाते. रोज तोंडात असलेला शब्द मूल जसाच्या तसा ऐकते आणि उचलते. वर्षातून एकदा कानावर पडणाऱ्या शब्दाला नियम लावून मोकळे होते. लहर कोठेच नाही.

२२/
वाहतूक एकाच दिशेने झाली असेही नाही. 'कॅच' हे नॉर्मन फ्रेंचमधून आलेले. ईडी घेऊन गप्प बसायचे, तर त्याने 'कॉट' हे देशी थाटाचे रूप धारण केले. 'स्ट्राइव्ह' फ्रेंच, भूतकाळ मात्र 'ड्राइव्ह'सारखा 'स्ट्रोव्ह'. 'रिंग' जन्माने दुर्बल, 'सिंग'च्या संगतीने 'रँग' झाले. 'वेअर' (परिधान करणे) 'बेअर'कडे पाहून 'वोअर' झाले. किंग जेम्स बायबलात 'डिग्ड' आहे, आज 'डग' आहे. मेलेल्या नियमाला असे नवे अनुयायी मिळत नसतात.

२३/
आक्षेप ठरलेला आहे : साठ मुलांचा वर्ग, तोंडावर परीक्षा, इतिहास सांगायला वेळ कोणाकडे? प्रश्न रास्त आहे. काही रूपे शेवटी पाठच करावी लागतात, हेही खरे. इतिहास माहीत असला म्हणून 'ब्रिंग'चे 'ब्रँग' होत नाही आणि 'क्लाइम'चे हरवलेले 'क्लोम' परत येत नाही. पण पाठांतराचाच विचार केला तरी सध्याचा तक्ता मूर्खपणाचा आहे, कारण तो वर्णानुक्रमे लावलेला असतो. 'बिगिन' पहिल्या पानावर, 'ड्रिंक' मध्यात, 'सिंग', 'सिंक' आणि 'स्विम' शेवटी. एकाच घरातली पाच भावंडे पाच गावांत नेऊन सोडायची आणि मग मुलाने त्यांचे नाते ओळखले नाही म्हणून त्याला बोल लावायचा. तीच यादी स्वरक्रमाने लावा : सिंगचे घर, राइटचे घर, ब्लो-ग्रो-नो-थ्रोचे घर, कीपचे घर, ट-ड वर संपणाऱ्यांचे घर. दीड-दोनशे सुट्या ओळींची डझनभर घरे होतात. यासाठी वेळ जास्त लागत नाही, कमीच लागतो.

२४/
दुसरा आक्षेप असा की यादी आता बंद झाली आहे. छापली गेली, प्रमाण ठरली, तिच्या कारणांत शिरून काय मिळणार? यादी बंद झालेली नाही. 'डाइव्ह'चा भूतकाळ 'डाइव्ह्ड' होता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'डोव्ह' रूढ झाले. चोरपावलांनी जाणे या अर्थाचे 'स्नीक' शतकानुशतके 'स्नीक्ड' होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत 'स्नक' उगवले, आधी अशिक्षितांचे म्हणून हिणवले गेले, आणि आज मोठमोठ्या शब्दकोशांत दोन्ही रूपे शेजारी नोंदलेली आहेत. ते कोणी शिकवले नाही, कोणत्या बिशपाने मंजूर केले नाही. याच सुमारास मुंबईच्या विद्यापीठात मॅट्रिकच्या परीक्षेला बसणारी मुले लिंडली मरे यांच्या वळणाच्या याद्या घोकत होती.